शेड एका काळाची, स्टँड दुसऱ्या काळाचा

न्यू जर्सीतील एडिसन येथे आम्ही राहतो त्या घराच्या उजव्या हाताला चोवीस वर्षे एकच शेजार होता. त्या घरातल्या वृद्ध बाईंची दृष्टी मंदावल्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन त्यांचे टपाल वाचून दाखवीत असे, आणि ज्या टेबलाशी बसून मी ते वाचत असे त्यावर रंगीत काचेचा एक दिवा असे. मधाच्या रंगाच्या काचतुकड्यांचा घुमट, त्याच्या खालच्या कडेने गुलाबी फुलांचा व हिरव्या पानांचा पट्टा, आणि खाली तपकिरी धातूचा उभट स्टँड. २०२२ च्या सप्टेंबरात, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, बाई मुलीकडे ओहायोला राहायला निघाल्या. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तो दिवा माझ्या हाती दिला आणि सांगितले की हा टिफनी आहे, माझ्या सासूबाईंचा होता, आता तो तुझ्याकडे राहू दे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. टिफनी हे रंगीत काचेच्या दिव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका जुन्या कारखान्याचे नाव अमेरिकेत राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, आणि त्या नावाच्या खऱ्या दिव्यांना लिलावात काय किंमत येते हेही अधूनमधून वर्तमानपत्रांत वाचायला मिळते. २०१८ साली न्यूयॉर्कमधील क्रिस्टीज या लिलावगृहात टिफनीचा 'पॉण्ड लिली' दिवा ३३ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकला गेला होता. आमच्या हातातला दिवा त्या पंगतीतला नाही हे उघड होते. तरीही तो त्या कारखान्यातला एखादा साधा नमुना असता, तर त्याची किंमत हजारो डॉलरांत गेली असती, आणि दृष्टी गेलेल्या, घर मोडून निघालेल्या वृद्धेने शेजारधर्माच्या प्रेमापोटी दिलेली इतकी मौल्यवान वस्तू तिच्या मुलीला न सांगता ठेवून घेणे मला शक्य नव्हते. मी मुलीला दूरध्वनी केला. तिने शांतपणे सांगितले की आईने दिला असेल तर तो तुमचाच. पण तो खरेच टिफनी आहे का, हे आम्हा भावंडांनाही कधी कळलेले नाही, तेव्हा तुम्ही शोध घेतलात तर आम्हालाही कळवा. दिवा काय आहे आणि त्याचे मोल किती, हे शोधण्याचे काम असे माझ्याकडे आले.

मी औषधनिर्मितीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षे काम केले आहे. वस्तूवर लावलेल्या चिठ्ठीपेक्षा वस्तूवर विश्वास ठेवावा ही तिथली शिकवण. तरीही पहिल्याच दिवशी माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. स्टँडवर काळपट तपकिरी थर होता आणि खाचांतून हिरवट मळ साचला होता. दिवाळी तोंडावर आली होती, समया आणि तांब्या-पंचपात्री घासायला काढलेली पितांबरी ओट्यावरच होती, आणि हात सवयीने तिच्याकडे गेला. आमच्याकडे पितळेची वस्तू लखलखीत असणे हेच तिच्या निगेचे लक्षण मानले जाते. जुन्या दिव्यांच्या व्यवहारात मात्र नेमके उलटे आहे. धातूवर कारखान्यात रसायनांनी चढवलेला आणि पुढे काळाने गडद केलेला थर, ज्याला तिथे 'पॅटिना' म्हणतात, तो घासून काढला की वस्तूचे वय सांगणारा पुरावा जातो आणि किमतीचा मोठा भाग त्याच्याबरोबर जातो. मुलाने वेळेवर थांबवले म्हणून स्टँड वाचला. पहिले दोन आठवडे मी दिव्यावर कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकण्यापलीकडे काहीही केले नाही.

दिवा पेटवायचाही नाही असे ठरवले. वायरचे वेष्टण एके ठिकाणी तडकलेले होते, आणि बाईंच्या घरी तो कित्येक महिने केवळ शोभेसाठी होता हे मला माहीत होते.

तपासणीकडे वळण्याआधी हे दिवे तयार कसे होत ते समजून घेणे मला आवश्यक वाटले, कारण कृती ठाऊक नसेल तर खुणा दिसूनही कळत नाहीत. रंगीत काच म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरखालील ग्रंथालयाच्या खिडक्या येतात. त्या युरोपीय परंपरेतल्या कामात काचेवर रंगाने रेखाटन करून ती भट्टीत भाजतात आणि तुकडे शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांत बसवतात. अमेरिकेत १८७० आणि १८८० च्या दशकांत जॉन ला फार्ज आणि लुई कम्फर्ट टिफनी या कलावंतांनी दुधाळ, ढगाळ, अनेक रंग एकमेकांत मिसळलेली 'ओपलसंट' काच वापरायला सुरुवात केली. हिच्यात रंग वरून दिलेला नसतो. तो वितळलेल्या काचेतच मिसळलेला असतो. त्यामुळे पाकळीची छटा, पानाची शीर, पाण्याची लहर यांसाठी कुंचला लागत नाही. काचेच्या मोठ्या पत्र्यातून नेमका कोणता भाग कापायचा, हे ओळखणारी नजर लागते.

दिव्याची शेड करताना प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची अतिशय पातळ पट्टी गुंडाळत, तुकडे लाकडी घुमटाकार साच्यावर मांडत, आणि मग शिसे व कथील यांच्या मिश्रणाचा डाख देऊन सारे सांधे आतून-बाहेरून जोडून घेत. शिशाच्या जाड पट्ट्यांनी जे गोलाईचे, नाजूक काम जमत नाही ते तांब्याच्या पट्टीने जमते. टिफनी स्टुडिओजमध्ये काच निवडण्याचे आणि कापण्याचे बरेचसे काम स्त्रियांचा एक स्वतंत्र विभाग करी. त्या विभागाच्या प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल यांनी 'ड्रॅगनफ्लाय'सारखे नमुने स्वतः घडवले होते, हे त्यांची पत्रे अभ्यासकांच्या हाती लागल्यावर गेल्या वीस वर्षांत लोकांना कळले. जवळजवळ शंभर वर्षे सगळे श्रेय एका पुरुषाच्या नावावर जमा होते, हे वाचून मला फार वाईट वाटले, आणि न्यूयॉर्कला जाऊन ते काम प्रत्यक्ष पाहायचेच असे मी ठरवले.

सेंट्रल पार्क वेस्टवरील न्यूयॉर्क हिस्टॉरिकल या संग्रहालयाच्या चौथ्या मजल्यावर टिफनीचे शंभर दिवे अंधाऱ्या दालनात एकत्र मांडलेले आहेत. हा संग्रह डॉ. एगॉन न्यूस्टाट यांचा. ते दातांचे डॉक्टर होते, आणि १९३५ साली त्यांनी व त्यांच्या पत्नीने पहिला टिफनी दिवा एका जुन्या सामानाच्या दुकानातून साडेबारा डॉलरांना घेतला होता. त्या काळी ही कला इतकी जुनाट मानली जाई की टिफनी स्टुडिओजचे १९३२ साली दिवाळे निघाले होते आणि दिवे अडगळीत जात होते. त्या दालनात मी तीन तास उभी होते. छायाचित्रांवरून जे कधीच लक्षात आले नसते ते तिथे आले. खऱ्या दिव्यात एकाच फुलाच्या शेजारशेजारच्या दोन पाकळ्याही एका रंगाच्या नसतात. नमुना ठरावीक अंतराने पुन्हा येतो, पण रंग पुन्हा येत नाही. घरी परतल्यावर मी आमच्या शेडवर बोट ठेवून मोजणी केली. नमुना सहा वेळा फिरत होता आणि प्रत्येक भागात एकेचाळीस तुकडे होते. सहाही भागांत फुले त्याच गुलाबी काचेची आणि पाने त्याच हिरव्या काचेची होती, मात्र काचेतले ढग निरनिराळे होते. काम प्रामाणिक होते. नजर टिफनीची नव्हती. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला होता, परंतु एवढ्यावर कोणाला काही सांगणे योग्य नव्हते.

मग जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घालून, शेड काढून वेगळी ठेवून, मी क्रमाने पाहणी केली. हातमोजे घातले होते, कारण जुन्या डाखात बरेच शिसे असते. त्याचा करडा चुरा बोटांना लागतो, आणि नात घरात रांगत होती.

सर्वप्रथम नाव शोधले. टिफनी स्टुडिओजच्या शेडच्या आतल्या कडेला नावाचा ठसा किंवा डाखून बसवलेली छोटी धातूपट्टी असते आणि स्टँडच्या तळाला नाव व क्रमांक ठोकलेला असतो. आमच्या दिव्यावर भिंगातून पाहूनही काहीच सापडले नाही. नाव नसणे म्हणजे वस्तू खोटी असणे नव्हे. त्या काळातल्या कित्येक चांगल्या कारखान्यांनी आपले दिवे नावाविनाच विकले. आणि नाव असते तरी मी निःशंक झाले नसते, कारण नव्या शेडवर टिफनीची बनावट पट्टी लावणे हा फार जुना धंदा आहे.

नंतर स्टँड. लोहचुंबक दांड्याला चिकटला नाही, म्हणजे तो लोखंडाचा किंवा बिडाचा नव्हता. पण कांस्याला आणि जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे एवढ्यावर काही ठरत नव्हते. तळाच्या आतल्या, कधीही न दिसणाऱ्या कडेवर सुईच्या टोकाने केसाएवढा ओरखडा काढून पाहिला. कांस्य असते तर आत सोनेरी-तांबूस रेघ उमटली असती. इथे ती चांदीसारखी पांढुरकी उमटली. जस्ताची ओतीव वस्तू करून तिला वरून कांस्याचा रंग दिलेला होता. टिफनीचे स्टँड कांस्याचे असत. तळाची वनाती चकती एका बाजूने सुटली होती. ती उचलली तेव्हा खाली फुलीच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स पद्धतीचे, स्क्रू दिसले. हे स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर प्रचारात आले. ते दुरुस्तीत बदललेले असू शकतात हे खरे, पण इथे त्यांच्या माथ्यावरचा थर आणि आसपासच्या धातूवरचा थर एकच होता. ते स्टँडबरोबरच आलेले होते.

ह्या दोन खुणांवरून मी असा निष्कर्ष काढून मोकळी झाले की संपूर्ण दिवा नंतरच्या काळातली नक्कल आहे. १९६० च्या दशकापासून अमेरिकेत जुन्या काचदिव्यांची आवड पुन्हा उफाळून आली आणि 'टिफनी पद्धतीचे' दिवे पुन्हा मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. टिफनी हे नाव तेव्हापासून कारखान्याचे उरलेच नाही. आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला लोक डालडा म्हणू लागले तसे ते एका प्रकारच्या वस्तूचे नाव झाले. बाईंच्या तोंडचे 'टिफनी' त्याच अर्थाने आले असावे, असे मी स्वतःशी ठरवले आणि त्यांच्या मुलीला कळवण्याचे पत्रही लिहायला घेतले.

पत्र धाडण्याआधी एक खात्री म्हणून मी जवळच्या गावातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दिवा नेला. दुकानदाराने शेड हातात घेऊन दोनदा फिरवली, उजेडापाशी धरली, आणि हा चीनमधून आलेला अलीकडचा माल आहे असे सांगून लगेच पंचाहत्तर डॉलर देऊ केले. मी नाही म्हटल्यावर ते शंभर झाले आणि दारापर्यंत येईस्तोवर दीडशे. अलीकडच्या मालासाठी कोणी असा भाव वाढवीत नाही. मी दिवा घेऊन परतले, आणि वस्तूची किंमत तिच्या खरेदीत ज्याचा हितसंबंध आहे त्याला विचारायची नाही, हे तिथून निघताना माझे पक्के झाले. पुढे समजले की व्यावसायिक मूल्यांकनाच्या नियमांतही हेच आहे.

अमेरिकेत वस्तूंचे मूल्यांकन करणाऱ्यांना सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे कोणीही स्वतःला मूल्यांकनतज्ज्ञ म्हणवू शकतो. म्हणून त्यांच्या संघटनांच्या सभासद-यादीतून माणूस निवडणे हा सुरक्षित मार्ग ठरतो. न्यूयॉर्कची अप्रेझर्स असोसिएशन ऑफ अमेरिका ही १९४९ पासूनची संघटना आहे. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ अप्रेझर्स आणि अमेरिकन सोसायटी ऑफ अप्रेझर्स ह्याही आहेत. त्यांचे सभासद 'युस्पॅप' नावाच्या समान आचारसंहितेने बांधलेले असतात, आणि त्या संहितेनुसार शुल्क वस्तूच्या किमतीच्या टक्केवारीत घेता येत नाही, कारण तसे केल्यास किंमत फुगवण्याचा मोह होतो. विसाव्या शतकातील सजावटी वस्तूंचा अभ्यास असलेल्या एक बाई मला अशा यादीतून मिळाल्या. त्यांनी तासाचे शुल्क आधी सांगितले, आणि मग एक प्रश्न विचारला ज्याची मला कल्पना नव्हती: तुम्हाला किंमत कशासाठी हवी आहे?

मला वाटत होते की वस्तूची किंमत एक असते आणि ती फक्त शोधायची असते. त्यांनी समजावले की विम्यासाठीची किंमत म्हणजे हीच वस्तू हरवली तर तशीच दुसरी दुकानातून आणायला किती पडतील तो आकडा. वारसा, वाटणी आणि करासाठी 'रास्त बाजारमूल्य' धरतात: खरेदीची वा विक्रीची सक्ती नसलेले आणि वस्तूची पुरेशी माहिती असलेले दोन पक्ष ज्या रकमेवर एकत्र येतील ती रक्कम. तातडीने विकून मोकळे व्हायचे असेल तर हाती येणारी रक्कम त्याहूनही खाली जाते. एकाच दिव्याचे हे तीन आकडे एकमेकांपासून बरेच दूर असतात आणि तिन्ही खरे असतात. माझे काम कुटुंबाला न्याय देण्याचे होते, म्हणून रास्त बाजारमूल्य हवे होते. दिवा आमच्या घरात राहिला तर लागेल म्हणून विम्याचाही आकडा मी मागितला.

त्या दिवशी त्यांनी दिव्याची जी तपासणी केली ती पाहण्यासाठीच एवढे शुल्क दिले असते, असे मला आजही वाटते. त्यांनी सर्वप्रथम शेड आणि स्टँड वेगवेगळ्या टेबलांवर ठेवले आणि ह्या दोन निराळ्या वस्तू समजून मी पाहणार आहे, असे सांगितले. माझी चूक नेमकी इथे झाली होती: स्टँडच्या खुणा वाचून मी शेडचा निकाल लावला होता.

त्यांनी शेड पालथी घालून तळहाताने कडेला हलकेच थोपटली. आतून बारीक खुळखुळ ऐकू आली, बांगड्या एकमेकींवर याव्यात तशी. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि थंडीने सांधे किंचित सैल होतात आणि तुकडे आपापल्या घरात सूक्ष्म हलू लागतात. नवी शेड थोपटली तर सहसा बद्द आवाज येतो. मग त्यांनी आतल्या बाजूचा डाख दाखवला. तो सर्वत्र सारखाच निस्तेज करडा झाला होता, आणि सांध्यांच्या कडेला काचेवर वर्षांच्या काजळीची आणि धुळीची रेघ होती, जी ओल्या बोटाने निघत नव्हती. कृत्रिमरीत्या जुना केलेला माल असेल तर काळपटपणा रसायनाच्या ओघळांसारखा पसरतो, खाचांत दाट आणि उंचवट्यांवरही तसाच असतो. इथे हात लागण्याच्या जागी तो झिजला होता. वरच्या बाजूचे पितळी कडे आणि दिव्याची तीन होल्डरांची जुडी ह्यांवर त्यांनी बराच वेळ घालवला. होल्डरांवर हबेल या कंपनीचे नाव होते आणि ओढायच्या साखळीच्या टोकांना छोट्या फळासारखे मणी होते. ते होल्डर स्टँडपेक्षा निःसंशय जुने होते. नव्या स्टँडवर जुने होल्डर का असावेत, हा प्रश्न त्यांनी वहीत लिहून घेतला.

शेवटी खोली अंधारी करून त्यांनी शेडच्या आत एक लहान एलईडी दिवा धरला. बाहेरून करडी-पिवळी वाटणारी काच आतून उजळताच अक्षरशः मधासारखी झाली. दुधाळ काचेचे हेच वैशिष्ट्य. तिच्यावर पडलेल्या उजेडात ती एक असते आणि तिच्यातून आलेल्या उजेडात दुसरीच. त्या उजेडात एक गोष्ट उघड झाली जी महिनाभर रोज पाहूनही मला दिसली नव्हती. एका फुलाची एक पाकळी गुलाबी नव्हतीच. बाहेरून तिच्यावर गुलाबी छटा दिसे, पण प्रकाश आला की ती सपाट, निर्जीव पांढरी पडे. ती नंतर बसवलेली होती, आणि तिच्याभोवतीचा डाख इतरांपेक्षा जाड होता. त्याखेरीज दोन तुकड्यांना केसासारख्या चिरा होत्या, जे शंभर वर्षांच्या शेडच्या बाबतीत त्यांनी क्षम्य मानले.

त्यांचा निष्कर्ष असा होता: शेड साधारण १९०५ ते १९२० च्या दरम्यानची, अमेरिकी, तांब्याच्या पट्टीच्या कामाची, मध्यम प्रतीची आणि निनावी. त्या काळात टिफनीखेरीज कनेटिकटमधील मेरिडनची हँडेल कंपनी, न्यूयॉर्कची डफनर अँड किम्बर्ली, ब्रुकलिनची विल्किन्सन असे अनेक कारखाने असे दिवे करीत. एकमेकांचे नमुने उचलले जात आणि कारागीर इकडून तिकडे जात, म्हणून निव्वळ दिसण्यावरून कारखान्याचे नाव लिहायला त्यांनी नकार दिला. मला हा नकार फार आवडला. ह्या शेडला एखादे वजनदार नाव चिकटवणे सहज शक्य होते. स्टँड मात्र १९४० ते १९६० च्या काळातला, जस्ताचा, वेगळ्याच दिव्याचा. ह्या व्यवहारात अशा जोडीला 'मॅरेज' म्हणतात: दोन वेगळ्या घरच्या भागांचे लग्न लावलेले. शब्द ऐकायला गोड आहे, पण किमतीला तो जड जातो. मूळ जोडी असती तर जी रक्कम आली असती तिच्या सुमारे निम्म्यावर हा दिवा आला.

आकड्यांपर्यंत त्या कशा पोचल्या हेही मी विचारून घेतले, कारण त्याआधी आठवडाभर मी स्वतः इंटरनेटवर किमती पाहत होते आणि पुरती गोंधळले होते. तशाच दिसणाऱ्या दिव्यांवर कोणी तीनशे लिहिले होते, कोणी चार हजार. त्यांनी सांगितले की विक्रेता मागतो ती किंमत पुरावा म्हणून धरायचीच नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, व्यास, तंत्र, नमुना आणि अवस्था जुळणाऱ्या वस्तूंचे आकडे घ्यायचे, आणि त्यातही लिलावातली बोली व खरेदीदाराने वर भरलेले शुल्क वेगळे ओळखायचे. त्यांनी अशा पाच विक्री निवडल्या आणि प्रत्येकीशी आमचा दिवा कुठे सरस, कुठे कमी, हे लिहून दाखवले. फुलांचा नुसता पट्टा असलेली शेड संपूर्ण फुलांच्या शेडहून स्वस्त. सरळ कड नागमोडी कडेहून स्वस्त, कारण नागमोडी कड कापायला आणि जोडायला कठीण. सोळा इंचांचा व्यास हा मागणी असलेला आकार, ही जमेची बाजू. मधाचा रंग मात्र त्या काळी सर्वांत जास्त विकला गेलेला, म्हणून आज सर्वांत कमी दुर्मीळ.

रास्त बाजारमूल्य साडेसहाशे डॉलर, विम्यासाठी चौदाशे. अहवालाचे शुल्क तीनशे. साडेसहाशेच्या वस्तूसाठी तीनशे खर्च करणे व्यवहारात बसत नाही, हे मी मान्य करते. केवळ विकण्यासाठी किंमत हवी असती तर लिलावगृहांना छायाचित्रे पाठवून ढोबळ अंदाज विनामूल्य मिळाला असता, आणि ज्यांना तेवढेच हवे आहे त्यांनी तेच करावे. मला मात्र दुसऱ्याच्या घरातून आलेल्या वस्तूबद्दल त्या घराला लेखी आणि निःस्वार्थ उत्तर द्यायचे होते, आणि ते उत्तर फुकटच्या अंदाजाने देता आले नसते.

अहवालाची प्रत मी ओहायोला पाठवली आणि सोबत दिवा परत नेण्याचा पर्याय खुला असल्याचे पुन्हा लिहिले. आठ दिवसांनी बाईंच्या मुलीचा दूरध्वनी आला. दिवा तुमच्याकडेच राहू द्या, हे तिने आधी सांगितले. मग म्हणाली की पांढऱ्या पाकळीबद्दल वाचले तेव्हा आईला वाचून दाखवले, आणि आईला सगळे आठवले. १९५८ च्या हिवाळ्यात धाकट्या भावाने घरात चेंडू मारला आणि दिवा टेबलावरून खाली पडला. मूळ स्टँडचा दांडा मोडला. वडिलांनी शहरातल्या एका दिव्यांच्या दुकानातून नवा स्टँड आणला, मोडक्या स्टँडचे होल्डर काढून त्यावर स्वतः बसवले, आणि फुटलेल्या पाकळीच्या जागी खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्याकडून मिळेल तो तुकडा लावून घेतला. त्यावर गुलाबी रंगाचा हात वडिलांनीच फिरवला होता. जुना स्टँड बरीच वर्षे तळघरात होता. पुढे कोणी टाकला ते कोणालाच आठवत नाही.

मूल्यांकन करणाऱ्या बाईंना मी हे कळवले. वहीत लिहून ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याचा आनंद त्यांच्या आवाजात स्पष्ट ऐकू येत होता. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली आणि तिचे काय काय झाले ह्याची नोंद अहवालात असावी लागते, म्हणून त्यांनी १९५८ च्या दुरुस्तीचा परिच्छेद त्यात घालून सुधारित प्रत पाठवली. कौटुंबिक आठवण हा कागदी पुरावा नव्हे, परंतु वस्तूवरच्या प्रत्येक खुणेशी ती जुळते, असे त्यांनी त्यात लिहिले आहे. आकडे तेच राहिले.

वायर एका जाणकार कारागिराकडून बदलून घेतली आणि होल्डर तेच ठेवले. जुन्या डाखाला आणि चिरा गेलेल्या काचेला उष्णता सोसत नाही, म्हणून आत कमी उष्णता देणारे पिवळसर प्रकाशाचे एलईडी दिवे लावले आहेत. पांढऱ्या पाकळीच्या जागी ओपलसंट काचेचा गुलाबी तुकडा बसवून देण्याची त्या कारागिराची तयारी होती आणि त्याने काचेचे चार नमुनेही दाखवले. त्यातला एक तर हुबेहूब जुळत होता. मी तो बसवू दिला नाही. दर गुरुवारी संध्याकाळी दिवा लावते तेव्हा इतर सगळी फुले उजळतात आणि ती एक पाकळी पांढरी राहते, आणि ओहायोला दूरध्वनी लावून बाईंशी बोलताना मी तिच्याकडेच पाहत असते.